मिळून मिसळून कोणी वागायचे?

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनिज बुकात झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. तेथे सुमारे २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. आमच्या वऱ्हाडात, जूनच्या तापलेल्या मातीवर, अभियंते, चालक, मजूर असे ७२० जण रात्रंदिवस पाळीपाळीने राबले. मंत्र्यांनी अभिनंदन केले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. कौतुक झालेच पाहिजे, आम्हीही केले. त्या ७२० जणांची नावे कोणी छापली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तारखेच्या निमित्ताने आम्ही या रस्त्याने नेहमी जातो. मूर्तिजापूर मागे पडले की एक प्रश्न हमखास मनात येतो. ज्या मुलखात माणसे एकदिलाने ७५ किलोमीटर रस्ता साडेचार दिवसांत करतात, त्याच मुलखातील सरकारी कार्यालयात एक फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला पंधरवडा का लागतो? वरिष्ठ म्हणतात, कर्मचाऱ्यांत 'टीम स्पिरिट' नाही. नाही, हे खरेच आहे. पण का नाही, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

काही वर्षांपूर्वी एक पक्षकार आमच्याकडे आले. पन्नाशी ओलांडलेले कनिष्ठ लिपिक, आपल्याच समाजाचे. हातात गोपनीय अहवालाची झेरॉक्स. त्यात शेरा होता की सदर कर्मचारी सहकाऱ्यांशी मिळून मिसळून वागत नाहीत, कार्यालयाचे वातावरण बिघडवतात. आम्ही विचारले, झाले काय? ते म्हणाले, "काई नाई जी साहेब. निस्ता पान्याचा ग्लासच त मांगतला."

कार्यालयात एक माठ होता. खाऱ्या पाणपट्ट्यातले ते गाव, बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गोड्या पाण्याचा माठ भरून ठेवलेला असे. माठावर स्टीलचे दोन ग्लास. हे गृहस्थ बदलून आले आणि आठवडाभरात खिडकीत तिसरा ग्लास दिसू लागला. कोणी काही बोलले नाही, कोणी शिवीगाळ केली नाही. सगळे गोड बोलत. फक्त ग्लास वेगळा. त्यांनी दोन महिने पाहिले आणि मग साहेबांकडे लेखी अर्ज केला. अर्जाची चौकशी झाली नाही, अर्जदाराची झाली. आम्ही अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे काढून बसलो तर ते म्हणाले, "मले केस नाई कराची साहेब. तेवढा शेरा काहाडून द्या. दोन वर्सं राह्यले."

त्याच कार्यालयात पुढे 'सांघिक भावना' या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. पुण्याहून प्रशिक्षक आले होते. डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांचा हात धरून चालायचे, चेंडू फेकायचा, दोरी ओढायची. आमचे पक्षकारही त्यात होते. दुपारी जेवणाची सुटी झाली आणि डबे पूर्वीच्याच टेबलांवर, पूर्वीच्याच टोळक्यांत उघडले. दोरी सगळ्यांनी मिळून ओढली होती, भाकरी मात्र वेगळी.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की, तक्रार करणाऱ्यामुळे एकजूट मोडत नसते. ज्याबद्दल तक्रार आहे त्यामुळे ती आधीच मोडलेली असते. तक्रारीने ते फक्त उघड्यावर येते. पण आपल्याकडे एकजुटीचा उपदेश नेहमी तक्रारदारालाच केला जातो. ग्लास वेगळा ठेवणाऱ्याला "मिळून मिसळून वाग" असा शेरा मिळाल्याचे आमच्या वकिलीत एकदाही पाहण्यात आले नाही.

हे आजचे नाही. बडोद्याच्या कचेरीत १९१७ साली शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकीत. पुढच्याच वर्षी सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर खाऱ्या पट्ट्यातल्या लिपिकाची काय कथा!

पण याहून बोलके उदाहरण गिरण्यांचे आहे, आणि त्यात आपल्या वऱ्हाडाचा धागा आहे. अकोला–अमरावतीचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जात असे. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूत काढण्याच्या खात्यात जागा मिळे, विणाईच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, मिळत नसे. पगार मात्र विणाईत जास्त. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावू? ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. ती शेजारच्या साच्यावरील कामगाराने, युनियनच्या सभासदाने, लाल झेंडा खांद्यावर घेणाऱ्याने पाळलेली होती.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरणी संप चालला. दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पुढारी म्हणाले, आता जातीचा प्रश्न काढू नका, एकजूट फुटेल. बाबासाहेबांनी विचारले ते थोडक्यात असे, की ज्या एकजुटीत आमच्या माणसाला साच्याजवळ उभे राहता येत नाही ती एकजूट कोणाची? विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी घेतली नाही तर आमच्या लोकांना आम्ही संपापासून दूर राहायला सांगू, असा इशारा त्यांनी दिला. तेव्हा कुठे ती मागणी संपाच्या मागण्यांत आली, तीही नाखुशीने. मालकांनी हात वर केले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. कटू असले तरी ते खोटे नव्हते. पण म्हणून बाबासाहेब कामगार एकजुटीचे विरोधक ठरतात काय? नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. तक्रार सोडून नव्हे, तक्रार मांडून ते एकत्र आले होते.

आज साचे नाहीत. अकोल्याची सावतराम मिल बंद होऊन जमाना लोटला. आज विणाई खात्याची जागा पदोन्नतीने घेतली आहे. २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण आले, ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने आरक्षित पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश निघाला. हा वाद न्यायालयाचा. पण त्याचा खेळ रोज कार्यालयात चालतो. कोणी मोठ्या खुर्चीवर बसला की कुजबुज, "कोट्यातून आला." त्याच्या हाताखालचा माणूस फाईल पाठवताना हात आखडता घेतो, चूक दिसली तरी सांगत नाही, चुकू देतो. आम्ही अशा कुजबुज करणाऱ्यांना विचारतो, बाबा रे, बिंदुनामावली पाहिलीस काय? कोणता बिंदू, कोणते पद, किती अनुशेष? उत्तर नसते. अमरावतीला विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, ते गुपित नाही. ती कार्यालयाच्या फलकावर लावली तर निम्मी कुजबुज तिथेच थांबेल. संशयाला कागद हेच औषध, एवढे तरी वकिलीने आम्हाला शिकवले आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. वाचकांना राग येईल, येऊ द्या. त्या लिपिकाच्या कार्यालयात आपले आणखी चार कर्मचारी होते. जयंतीची वर्गणी वेळेवर देणारे, मोटारसायकलवर निळा बिल्ला लावणारे. एकानेही अर्जावर सही केली नाही. दोघे एका संघटनेचे, दोघे दुसऱ्या संघटनेचे, आणि अर्जदार तिसऱ्या नेत्याला मानणारे. "आमच्याकडे आधी आले असते तर पाहिलं असतं," हे त्यांचे उत्तर.

विनयपिटकात कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण आले आहे. अट्ठकथा सांगते की सुरुवात शौचाच्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून झाली. त्यावरून संघ दुभंगला, तथागतांनी समजावले तरी ऐकेनात, तेव्हा ते त्यांना सोडून निघून गेले. वाटेत ते अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांच्याकडे थांबले. ते तिघे एकत्र कसे राहत? भिक्षेहून जो आधी येई तो आसने मांडी, पिण्याचे पाणी ठेवी. जो शेवटी येई तो जागा झाडी. घागर रिकामी ज्याला दिसे तो भरी. एकट्याला उचलली नाही तर दुसऱ्याला हाताने खूण करी. आणि दर पाच दिवसांनी तिघे रात्रभर बसून धम्माबद्दल बोलत. कोणाची घागर, कोणाची पाळी, हा हिशेबच नव्हता. यात चेंडू नाही, दोरी नाही.

कायद्याने मिळते तेवढे तरी घ्यावे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी आणि तीत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समान असावेत, असे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता सांगते. आपल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, एमआयडीसीत ती आहे काय, हे कामगारांनी विचारावे, आणि त्यात आपल्या बाया आहेत काय हेही विचारावे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा देव दत्त निकाल आहे. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध अभिवेदन करता येते.

त्याच आधारावर आम्ही अभिवेदन केले. चौदा महिने गेले, दोनदा स्मरणपत्र दिले. वेगळ्या ग्लासचा अर्ज आम्ही सोबत जोडला होता आणि त्याची चौकशी का झाली नाही, हे विचारले होते. शेरा निघाला. चौकशीबद्दल मात्र आदेशात एक ओळही नव्हती. गृहस्थ सन्मानाने निवृत्त झाले, निरोपसमारंभाला साहेबांनी भाषणही केले. मध्यंतरी कामानिमित्त आम्ही त्या कार्यालयात गेलो होतो. माठ गेला आहे, थंड पाण्याचे यंत्र बसले आहे. त्यावर ग्लास एकही नाही. जो तो घरून बाटली आणतो.