वाढत्या कोकरांसाठी प्रक्रिया केलेले काड व पेंड

सोलापूर जिल्ह्यात, तसेच पुणे व सातारा जिल्ह्यांच्या पूर्व भागात दख्खनी मेंढ्यांचे कळप पुष्कळ आहेत. कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेल्या कोकरांचे दूध फाल्गुनाच्या सुमारास तुटते आणि त्याच वेळी माळावरील गवतही संपते. मग कोकरांची वाढ खुंटते व मेंढपाळास ती पडेल त्या भावाने विकावी लागतात. योग्य आहाराने हे नुकसान बरेच टाळता येते.

गव्हाच्या काडात प्रथिने शेकडा 3 ते 4 एवढीच असतात व त्यातील तंतू पचनास जड असतात. काड युरियाच्या पाण्याने भिजवून झाकून ठेवल्यास अमोनिया वायू निर्माण होतो. त्यामुळे तंतू सैल होतात आणि कच्च्या प्रथिनांचे प्रमाण शेकडा 7 च्या आसपास जाते.

100 किलो काडास 4 किलो युरिया व 50 लिटर पाणी घ्यावे. युरिया तोलूनच घ्यावा व पाण्यात पूर्ण विरघळवावा. काडाचे थर पसरून प्रत्येक थरावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे, थर तुडवून दाबावा आणि ढीग ताडपत्रीने हवाबंद झाकावा. त्यात गूळ अथवा मळी मिसळू नये. 21 दिवसांनंतर लागेल तेवढेच काड काढून, उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावे व नंतर खाऊ घालावे.

तथापि केवळ अशा काडावर कोकरू वाढणार नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. काडात वाढलेला नत्र म्हणजे तयार प्रथिन नव्हे. कोठीपोटातील सूक्ष्म जंतू त्यापासून प्रथिने बनवितात. मोठ्या मेंढीचा त्यावर निभाव लागतो, परंतु वाढत्या कोकराची गरज त्याहून अधिक असते. ती पेंडीनेच भागवावी लागते. त्यासाठी मक्याचा भरडा 50 भाग, शेंगदाणा पेंड 25, गव्हाचा कोंडा 22, क्षारमिश्रण 2 व मीठ 1 भाग असा खुराक करावा. 15 किलो वजनाच्या कोकरास तो रोज 150 ते 200 ग्रॅम, दोन वेळांत विभागून द्यावा. जोडीस शेवरीचा किंवा सुबाभळीचा थोडा पाला द्यावा. बुरशी आलेली पेंड विषारी असू शकते, म्हणून ती मुळीच वापरू नये.

कोकराचे कोठीपोट पूर्ण कार्यक्षम होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिन्यांचे होईतो, प्रक्रिया केलेले काड देऊ नये. तोवर खुराक, पाला व तुरीचे भूस द्यावे. पुढे काडाचे प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. पोट फुगणे, अंग थरथरणे अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

ढीग फाल्गुनातच रचावा, म्हणजे चैत्रात काड तयार मिळेल. दर पंधरवड्यास कोकरांचे वजन करावे. वजन वाढत नसेल तर काड वाढविण्याऐवजी प्रथम खुराकाचे प्रमाण तपासावे.