टायर अचानक फुटत नाही

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की शिरूर अनंतपाळ, साकोळ, येरोळ, निलंगा या भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. एका ट्रॅक्टरमागे एक, कधी दोन ट्रॉल्या, ऊस कठड्याच्या कितीतरी वर रचलेला आणि वेळ बहुधा रात्रीची. मध्येच बंदुकीसारखा आवाज होतो. ट्रॉली एका अंगाला झुकते. ‘टायर अचानक फुटला, नशीब खराब’ असे म्हणून विषय संपवला जातो. पण टायर अचानक फुटत नाही. तो फुटण्याची तयारी कित्येक दिवस आधी सुरू झालेली असते आणि ती डोळ्यांना व हाताला कळू शकते.

मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच सांगितले. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा टायर फुटून एकाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. अति वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे त्यामागे असतात आणि प्रवासापूर्वी टायर तपासणे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

उष्णता कुठून येते?

ट्रॉलीचा भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी असली किंवा माल जास्त भरला, की टायरची बाजू दबते आणि प्रत्येक फेऱ्यात वाकून पुन्हा सरळ होते. मोठ्या ट्रॉलीचा टायर एका किलोमीटरला सुमारे तीनशे वेळा फिरतो. तीस किलोमीटरच्या खेपेत तो नऊ हजार वेळा वाकतो. तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच टायरच्या आतील धाग्यांचे होते. उष्णतेने रबर आणि धाग्यांची पकड सुटते, थर वेगळे होतात आणि एखाद्या खड्ड्याचे निमित्त पुरते.

ट्रॉलीच्या टायरची आणखी एक अडचण आहे. हंगाम संपला की ट्रॉली शेतात किंवा वाड्यासमोर उन्हात उभी राहते. महिनोन्‌महिने एकाच जागी भार, वर मराठवाड्याचे ऊन. रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला वाटतो, पण झीज आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वय सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड केलेले टायर घेताना हे आकडे आणि बाजूच्या भेगा आधी पाहाव्यात. पावसाळ्यात ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून, टायर झाकून ठेवले तर ते जास्त टिकतात.

खेपेपूर्वीची पाच मिनिटे

हवा टायर थंड असताना, मीटर लावून मोजावी. लाथ मारून हवेचा अंदाज येत नाही. धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. तेव्हा हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. बाजूला फुगवटा, धागा दिसणारा काप किंवा खोल भेगा असल्यास तो टायर काढावा. वाटेत थांबल्यावर प्रत्येक टायरजवळ आणि चाकाच्या मध्यभागी हाताची मागची बाजू न्यावी. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागले, तर हवा कमी आहे किंवा बेअरिंगला ग्रीस नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे दोन टन जास्त भरण्याचा मोह होतो. त्या दोन टनांची किंमत टायर आधी मोजतो, मग माणूस.

टायर फुटलाच तर

जोरात ब्रेक दाबणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबतो, मागचा भार ढकलत राहतो आणि ट्रॉली आडवी होते. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवावे, रेस हळूहळू कमी करावी आणि टणक जागी थांबावे. मऊ काळ्या मातीच्या कडेवर उतरल्यास झुकलेली ट्रॉली उलटते. रस्त्यावर चालवताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले हवेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो. उसावर माणसे, विशेषतः मुले, बसवू नयेत.

अनेकदा खरी जीवितहानी यानंतर होते. अंधारात, दिवे आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते आणि मागून दुचाकी येऊन धडकते. लाल रिफ्लेक्टर पट्टी ट्रॉलीच्या मागे पूर्ण रुंदीला लावावी. त्रिकोणी फलक किमान पन्नास पावले मागे ठेवावा आणि एका माणसाने बाजूला उभे राहून बॅटरी दाखवावी. रस्त्यावर ठेवलेले दगड निघताना उचलावेत. ते तसेच राहिले तर पुढचा अपघात त्यांच्यामुळे होतो. भरलेल्या ट्रॉलीला जॅक लावताना खाली जाड फळी घ्यावी, दुसऱ्या चाकांना अटकाव लावावा आणि ट्रॉलीखाली शिरू नये.

पंक्चरच्या दुकानातही धोका असतो. लॉक रिंग असलेल्या रिमवर हवा भरताना रिंग निसटली, तर ती चेहरा, हात किंवा छातीवर आदळते. त्या चाकासमोर वाकून हवा भरू नये. लांब नळी लावून बाजूला उभे राहावे, चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे.

जखमीला काय करावे?

आधी १०८ ला फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून सतत दाबून धरावे. हळद, चुना, कॉफी किंवा ऑइल लावू नये. जखमेत रुतलेली वस्तू ओढून काढू नये. मान किंवा पाठीला मार असल्यास, आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर हलवू नये. पाणी किंवा चहा पाजू नये, शस्त्रक्रिया लागू शकते. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. छाती किंवा पोटावर मार लागलेला माणूस चालताबोलता असला तरी त्याला तपासायला न्यावे, कारण आतला रक्तस्राव उशिरा कळतो.

पोलिसांच्या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात.

हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टरचे ऑइल बदलले जाते, पूजाही होते. त्याच दिवशी ट्रॉलीच्या टायरचे आकडे वाचावेत, हवा मोजावी आणि मागे लाल पट्टी चिकटवावी.