महालेखापरीक्षकांचा अहवाल कोणाच्या मर्जीने उघडावा?

जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूर तालुक्यातील वाटूर लागते. मराठवाड्याच्या या पट्ट्यात पाणी हा शब्द सरकारी फलकांवर जितका सहज दिसतो, तितके ते उन्हाळ्यात विहिरींत दिसत नाही. अशा गावांच्या नावावर खर्ची पडलेल्या पैशातून पाणी खरोखर किती वाढले, हे मंत्र्याची भीड न बाळगता सांगणारा अधिकारी राज्यघटनेने एकच निर्माण केला आहे. तो म्हणजे भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक.

जलयुक्त शिवार योजनेचेच पाहा. २०१४ साली मोठ्या गाजावाजाने सुरू झालेल्या या योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यावर तिचा परिणाम अल्पच झाला, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी दिला. तो विधिमंडळापुढे आला सप्टेंबर २०२० मध्ये. योजना आखणारे सरकार तोवर पायउतार झाले होते! साहजिकच नव्या सत्ताधाऱ्यांनी अहवाल डोक्यावर घेतला आणि जुन्यांनी नाके मुरडली. खुर्च्या बदलल्या असत्या, तर भूमिकाही बदलल्या असत्या, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

या अधिकाऱ्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही महत्त्वाचे आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना परिषदेत बजावले होते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच त्याला पदावरून दूर करणे दुष्कर केले आहे. निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद त्याला वर्ज्य आहे. तटबंदी भक्कम खरी, पण तिच्या दोन्ही दरवाजांच्या किल्ल्या सरकारच्याच कनवटीला आहेत. नेमणूक होते ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. आणि अहवाल सिद्ध झाल्यावर राज्यपालांनी तो विधिमंडळापुढे ठेववावा, एवढेच कलम १५१ म्हणते. किती दिवसांत, याविषयी ते मूक आहे. या मौनाचा लाभ कसा उठविता येतो, हे दिल्लीने दाखविले. तेथील विधानसभेपुढे कित्येक अहवाल दीर्घकाळ आलेच नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा कोठे ते बाहेर पडू लागले. शिळ्या अहवालावर लोकलेखा समितीने साक्षी काढून उपयोग काय? संबंधित सचिव बदललेला असतो, अभियंता निवृत्त झालेला असतो.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर तर ही तटबंदीही नाही. वाटूरसारख्या गावाच्या पंचायतीचे दप्तर तपासते ते राज्य शासनाचेच स्थानिक निधी लेखापरीक्षा खाते; महालेखापरीक्षकांकडे येते ते मुख्यतः तांत्रिक मार्गदर्शन.

जलयुक्त शिवाराचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू झाला आहे. त्याच्याही हिशेबाची तपासणी होईल, तेव्हा अहवाल हाती पडताच लगतच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात तो पटलावर ठेवण्याचे बंधन शासनावर असले पाहिजे. घटनादुरुस्ती होईल तेव्हा होवो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला असा संकेत आजही पाडता येईल. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात उभे राहून तेवढे एक आश्वासन द्यावे, अशी आमची मागणी आहे.