विवाह-नियोजनातील तीन याद्या : याद, आहेराची वही आणि कायद्यातील सूची

प्रस्तावना :

विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक मानला जातो. तथापि ग्रामीण महाराष्ट्रात विवाह ठरतो, पार पडतो आणि पुढे कित्येक वर्षे स्मरणात राहतो तो बव्हंशी कागदाच्या आधारे. विवाहाच्या नियोजनाविषयी लिहिताना मंगल कार्यालय, भोजन, सजावट व छायाचित्रण यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. प्रस्तुत लेखात त्याऐवजी विवाहाच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या, अथवा लिहिल्या जावयास हव्या असलेल्या, तीन याद्यांचा विचार केला आहे. त्यांपैकी पहिल्या दोन याद्या घरोघरी काटेकोरपणे लिहिल्या जातात. तिसरी मात्र क्वचितच लिहिली जाते, आणि वधूच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होय.

याद :

स्थळ पसंत पडले की दोन्हीकडील वडीलधारी मंडळी बैठकीस बसतात. मामा, चुलते, भावकीतील दोन जाणती माणसे आणि मध्यस्थ यांच्या साक्षीने बोलणी होऊन सुपारी फुटते व याद लिहिली जाते. कागदाच्या शिरोभागी श्री गजानन प्रसन्न किंवा कुलदैवताचे नाव असते. त्याखाली मुलीच्या अंगावर कोणी किती सोने घालावयाचे, मुलाचा पोशाख, बस्ता कोणी बांधावयाचा, मानपानाची लुगडी व टोप्या किती, वाजंत्री कोणाची, लग्न कोणाच्या दारी आणि जेवण कोणाकडे, अशी कलमे येतात. वधूपक्षाने दोन्ही अंगांनी लग्न करून द्यावयाचे ठरले, तर ते एकच वाक्य उरलेल्या सर्व कलमांहून जड असते. शेवटी उभय पक्षांच्या सह्या होतात. काही भागांत बैठकीच्याच दिवशी विवाह उरकण्याची पद्धत असून तिला ‘यादी पे शादी’ असे म्हणतात. खर्चाच्या दृष्टीने ती अत्यंत शहाणपणाची आहे.

यादीचे वैशिष्ट्य असे की, ती खर्चाचा अंदाज असते आणि करारही असते. अंदाज म्हणून ती उपयुक्त आहे. कोणता बोजा कोणावर, हे आधी स्पष्ट झाल्याने ऐन मांडवातील रुसवेफुगवे बरेच टळतात. करार म्हणून मात्र तिची स्थिती विचित्र आहे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ च्या कलम २ नुसार विवाहाच्या संबंधात, विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी वा त्यानंतर, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष दिलेली अथवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा होय. कलम ५ नुसार हुंडा देण्याघेण्याचा करार निरर्थक ठरतो. म्हणजे यादीत ‘मुलास गाडी’ असे लिहून सह्या झाल्या, तरी ती गाडी कोणत्याही न्यायालयातून वसूल करता येत नाही. उलट तोच कागद मागणीचा पुरावा होऊ शकतो. ही गोष्ट कळू लागल्यापासून अनेक ठिकाणी अशी कलमे कागदावरून उतरून तोंडी झाली आहेत. याद स्वच्छ दिसते. बोजा तेवढाच राहतो.

माणसांचा अंदाज :

मुहूर्ताविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. चातुर्मास व अधिक मास वगळले जातात, आणि २०२६ साली ज्येष्ठच अधिक आल्याने उन्हाळ्यातील तिथींची दाटी वाढणे स्वाभाविक होते. खरी अडचण माणसांच्या संख्येची. येथे आमंत्रणाचा प्रकार निर्णायक ठरतो. ‘घरटी एक’ असे आवतण असेल, तर शंभर उंबऱ्यांमागे शंभर पाने धरता येतात. आवतण चूलबंद असेल, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवावयाची नाही असे असेल, तर तीच संख्या चार-पाच पटींनी वाढते. जुना आचारी शिधा काढून देण्यापूर्वी पत्रिका किती छापल्या हे विचारीत नसे. चूलबंद गावे किती, हे विचारीत असे. आज प्रति ताट दर ठरविणाऱ्या कंत्राटदारापुढे वधूपिता हा प्रश्न मांडत नाही, आणि ताटांची कबूल केलेली संख्या व प्रत्यक्ष संख्या यांतील तफावतीचे पैसे लग्नानंतर मोजतो.

लग्नखर्च आणि कर्ज यांचा संबंध जोडण्याची सवय जुनी आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढेही हे कारण आले होते. परंतु लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असेच मत त्या आयोगाने नोंदविले. असे प्रसंग वारंवार येत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद होता. प्रस्तुत लेखिकेस हे मत अर्धेच पटते. प्रसंग क्वचित येतो हे खरे. पण तो एका हंगामात येतो, रोख मागतो आणि पुढे ढकलता येत नाही. पाऊस गेलेल्या वर्षीही ठरलेली तारीख पाळावीच लागते. ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांत मुकादमाकडून घेतलेली उचल अशा वेळी लग्नाकडे वळते आणि पुढचा हंगाम आधीच विकला जातो.

आहेराची वही :

मांडवाच्या दाराशी किंवा व्यासपीठाच्या कडेला एक जण वही घेऊन बसलेला असतो. नाव, गाव, रक्कम किंवा भांडे एवढाच मजकूर. ही वही जपून ठेवली जाते. त्या घरी कार्य निघाले की ती काढून पाहिली जाते आणि आलेला आहेर थोडी भर घालून फेडला जातो. एका अर्थी ही बिनव्याजी भिशीच होय. कार्याच्या दिवशी भावकी व पाहुणे यांच्याकडून जमा होणारी रक्कम आचाऱ्याची व वाजंत्र्याची देणी भागविण्यास उपयोगी पडत असे. हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची प्रथा पडली आहे. ती प्रतिष्ठेची मानली जाते. वीस वर्षे इतरांच्या लग्नांत आहेर करीत आलेल्या अल्पभूधारकाने मात्र केवळ लौकिकासाठी ही ओळ छापणे म्हणजे आपले येणे सोडून देणे आहे.

या वहीत देणाऱ्याचे नाव असते, पण वस्तू वधूला दिली की वराला, की यजमानाला, याचा उल्लेख नसतो. ही उणीव पुढे महाग पडते.

कायद्यातील सूची :

१९६१ च्या अधिनियमाने मागणी न करता दिलेल्या भेटींना सूट दिली आहे. त्यासाठी भेटींची सूची ठेवलेली असावी, आणि वधूकडून दिलेल्या भेटी रूढीस धरून व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसलेल्या असाव्यात, अशी अट आहे. ही सूची कशी ठेवावी, याचे नियम १९८५ साली करण्यात आले. वधूला मिळालेल्या भेटींची सूची वधूने व वराला मिळालेल्या भेटींची वराने ठेवावयाची असते. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते ही माहिती लिहून तीवर वधू व वर या दोघांच्याही सह्या घ्यावयाच्या असतात. विवाहाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर हे काम पूर्ण करणे अपेक्षित आहे.

या कागदाचे मोल संसार बिघडल्यावर कळते. १९८५ सालीच प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, स्त्रीधन पतीच्या घरी ठेवले म्हणून पतीचे होत नाही. ते परत न देणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. अधिकार असा भक्कम आहे. परंतु ‘कोणते दागिने?’ या पहिल्याच प्रश्नाशी मुलगी अडखळते. सोनाराची पावती वडिलांच्या नावे, रुखवतातील भांड्यांची नोंद नाही, आणि सासरहून घातलेले मंगळसूत्र व पाटल्या तर नंतर काढून घेतलेल्या. छायाचित्रांत दागिने दिसतात, त्यांचे वजन दिसत नाही.

सूची करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा आक्षेप बैठकीत घेतला जातो. ज्या बैठकीत टोप्या व उपरणी मोजून लिहिली जातात, तेथे हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. कार्याच्या नियोजनात तिला जागा देणे अवघड नाही. आहेराच्या वहीत ‘कोणास’ असा एक रकाना वाढवावा. दागिन्यांच्या पावत्या वधूच्या नावे कराव्यात. पाठवणीपूर्वी रुखवत टेम्पोत भरले जात असताना करवली किंवा मामी यांपैकी एकीने वस्तू मोजून लिहाव्यात, आणि सत्यनारायणाच्या पूजेस दोघे एकत्र बसतील त्याच दिवशी दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत मुलीच्या आईकडे ठेवावी.