एकाच नळीत हूक आणि बॉइल

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपची टोपी उघडून आतली स्प्रिंग वर ओढली, की ती संपता संपत नाही. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या तारेची वेटोळी तेल निथळत बाहेर येत राहतात. काही स्प्रिंगांमध्ये एका टोकाची वेटोळी दाटीवाटीने बसलेली असतात आणि पुढे ती विरळ होत जातात. दिसायला एवढंच. पण वळणावर गाडी हँडलचं किती ऐकेल, ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली घालेल, खड्ड्यात चाक रस्ता धरून ठेवेल की सोडेल, यातलं बरंचसं या तारेवर ठरतं.

स्प्रिंग दाबली जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर तार आतल्या आत पिळली जात असते आणि त्या पिळाविरुद्धचा तिचा प्रतिकार आपल्याला ताठपणा म्हणून जाणवतो. तार जाड केली की हा प्रतिकार जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून 4 मिलिमीटरची तार 4.2 केली, म्हणजे जेमतेम दोन कागदांच्या जाडीएवढी वाढवली, तरी स्प्रिंग 21 टक्क्यांहून अधिक कडक होते. 4.4 केली तर 46 टक्क्यांनी! वेटोळी कापून स्प्रिंग आखूड केली तरी ती कडकच होते, कारण पिळायला तार कमी उरते. एका टोकाला दाट वेटोळी ठेवण्यामागेही हीच युक्ती आहे. ती आधी एकमेकांना टेकून कामातून बाद होतात आणि उरलेली स्प्रिंग आपोआप कडक बनते.

जेवढी दाबाल तेवढा उलटा जोर, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये जाहीर केला. तो कागदावर मांडला की शॉकअपमधला सगळ्यात मोठा गैरसमज दूर होतो. समजा, स्वारासकट गाडीचा 100 किलो भार पुढच्या शॉकअपवर येतो. दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा, प्रत्येकीला 1 मिलिमीटर दाबायला अर्धा किलो लागतो, म्हणजे दोन्ही मिळून 1 किलो. हा भार पेलायला त्या 100 मिलिमीटर दबायला हव्यात. बसवतानाच त्या 60 मिलिमीटर दाबून ठेवल्या असतील, तर आपण बसल्यावर शॉकअप उरलेले 40 मिलिमीटरच खाली जाईल. बसवतानाच्या या दाबाला म्हणतात प्रीलोड आणि बसल्यावरच्या उतरण्याला सॅग.

आता मऊ स्प्रिंगा घ्या, दोन्ही मिळून मिलिमीटरला 0.8 किलोच्या. त्यांना 125 मिलिमीटर दबावं लागेल. प्रीलोड 85 केला की सॅग पुन्हा 40. उभी गाडी दोन्ही वेळा तंतोतंत सारखीच दिसेल. जोरात ब्रेक दाबून पुढे आणखी 70 किलो भार आला, की फरक कळतो. पहिली गाडी आणखी 70 मिलिमीटर उतरून 110 वर थांबते. दुसरी जवळपास 88 उतरून 128 च्या आसपास पोचते. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 च्या पुढच्या शॉकअपला सगळी मिळून 130 मिलिमीटरची हालचाल आहे, म्हणजे तिथे हा तळच झाला. प्रीलोड वाढवून स्प्रिंग कडक होत नाही. तो फक्त गाडी कोणत्या उंचीवर उभी राहील हे ठरवतो. नाक फार बुडत असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

सॅग ठेवायचाच कशाला? रस्त्यावर फक्त उंचवटे नसतात, खड्डेही असतात. खड्डा आला की चाकाला खाली उतरता यायला हवं आणि ती जागा सॅगमधूनच मिळते. हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका सॅग साधारणपणे राखतात. शॉकअप कडक म्हणजे गाडी दणकट, हा समज मला म्हणूनच पटत नाही. ज्या चाकाला खाली जायला जागा नाही, ते खड्ड्यावर हवेत असतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र नळीतल्या तेलाच्या वर आहे. तिथे थोडी हवा कोंडलेली असते. शॉकअप आत गेला की तिची जागा घटते. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. हा रॉबर्ट बॉइलचा 1662 चा नियम. सुरुवातीला ही हवा जवळपास गप्प असते आणि तळाजवळ एकदम जोर लावते. म्हणून तेलाची पातळी दहा मिलिमीटरने वर-खाली झाली तरी शेवटच्या टप्प्यातलं वागणं बदलतं. आणि बॉइलचा हवेचा पंप बांधून देणारा त्याचा मदतनीस कोण होता? हाच रॉबर्ट हूक. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या दोघांचे नियम प्रत्येक खड्ड्यावर त्या एका नळीत खांद्याला खांदा लावून काम करतात.

तेलाचं काम वेगळं. स्प्रिंग किती दबली यावर तिचा जोर ठरतो, तर बारीक छिद्रांतून जाणारं तेल शॉकअप किती वेगाने हलतोय यावर विरोध करतं. नाहीतर एका स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलतच राहिली असती. 1935 च्या बीएमडब्ल्यू आर 12 ने असा तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपची ही जोडी, बाजारातल्या मोटरसायकलवर आणला.

पुढचं जमलं तरी अर्धंच काम झालं. नाक खाली गेलं की फोर्क उभट होतो आणि हँडल चपळ, कधीकधी चंचल होतं. डबलसीट बसून मागचा शॉकअप दबला की उलट होतं: नाक वर, हँडल हलकं, आणि घाटातल्या वळणात गाडी बाहेर बाहेर ओढत जाते. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपला असलेल्या प्रीलोडच्या पाच खाचा यासाठीच आहेत. मागे कुणी बसणार असेल तर दोन्ही बाजूंची खाच सारखीच वाढवा, एकटे असाल तेव्हा परत उतरवा.

तोल बघायची सोपी रीत आहे. गाडी सरळ उभी धरून टाकी आणि सीट जिथे मिळतात तिथे जोराने दाबा. पुढचं आणि मागचं एकदमच खाली जाऊन एकदमच वर यायला हवं. सॅग मोजायला पुढच्या चकचकीत नळीवर सीलला टेकवून केबल टाय बांधा, कुणाला तरी गाडी धरायला सांगून नेहमीच्या जॅकेट-हेल्मेटसह हलकेच बसा, हलकेच उतरा. मग पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण सैल करा आणि सील ते टाय हे अंतर पट्टीने मोजा. पुढच्या खेपेला फोर्क ऑइल बदलायला गाडी द्याल, तेव्हा हा आकडा मेकॅनिकला सांगा आणि दोन्ही नळ्यांतली तेलाची पातळी तुमच्यासमोर मोजून सारखी करून घ्या.