पाच सामन्यांचा गुणतक्ता

महिला प्रीमियर लीग सुरू झाली की सांगलीत बंगळूरच्या संघाची चौकशी जरा जास्त आपुलकीने होते. संघ बंगळूरचा असला तरी त्याची कर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, म्हणजे घरचीच. २०२३च्या पहिल्या हंगामात हा संघ सलग पाच सामने हरला. २०२४मध्ये त्याने पहिले दोन सामने जिंकले आणि शेवटी करंडकही जिंकला. २०२५मध्ये पुन्हा पहिले दोन जिंकले. पण पुढचे पाच सलग गमावून संघ आठांपैकी तीन विजयांवर थांबला. २०२४ आणि २०२५ची सुरुवात सारखीच होती, शेवट मात्र दोन टोकांचे झाले. दोन सामन्यांनंतरचा गुणतक्ता समोर ठेवून कुणी भाकीत केले असते, तर एका वर्षी तो द्रष्टा ठरला असता आणि दुसऱ्या वर्षी चेष्टेचा विषय.

हंगामाच्या सुरुवातीच्या क्रमवारीवर विश्वास ठेवायचा तो किती? प्रश्न खेळाचा वाटतो, पण घटक चाचणीच्या गुणांवरून मुलाचे भवितव्य ठरवणारे पालक आणि दोन दिवसांच्या निवड चाचणीवरून संघ निवडणारे मार्गदर्शक रोज हाच प्रश्न सोडवत असतात. मी स्वतः तो एकदा चुकीचा सोडवला आहे. त्याविषयी शेवटी सांगतो.

उत्तर मागे छापलेली लीग

या प्रश्नाचा अभ्यास करायला एक चांगली प्रयोगशाळा आहे: संगणकावरची आभासी बास्केटबॉल लीग. यात मैदान नसते, घाम नसतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे काही आकडे असतात: नेमबाजी किती, उसळलेला चेंडू पकडण्याची ताकद किती, बचाव किती. चेंडू हातात आला की संगणक एक ते शंभरमधला कोणताही एक आकडा काढतो. खेळाडूची नेम साधण्याची शक्यता शंभरात ४५ असेल आणि आकडा ४५ किंवा त्याखालचा आला, तर बास्केट झाली. नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे. असे शे-दोनशे वेळा झाले की एक सामना संपतो. लीगमध्ये भाग घेणारे लोक आपापल्या संघाचे व्यवस्थापक असतात आणि चार-पाच सामने झाले की कोणता संघ सरस यावर हिरिरीने वाद घालतात.

खऱ्या खेळात संघाची खरी ताकद कुणालाच ठाऊक नसते. आपण ती निकालांवरून ताडतो. आभासी लीगमध्ये मात्र ती संगणकात लिहून ठेवलेली असते. गणिताच्या पुस्तकात उत्तरे मागे छापलेली असतात तशी. म्हणून आपला अंदाज किती चुकला, हे इथे तपासून पाहता येते.

आपणही अशी एक लीग मांडू. सातारा, कराड, वाई, फलटण, सांगली, मिरज, विटा आणि तासगाव असे आठ काल्पनिक संघ. सगळे अगदी समान ताकदीचे. प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून ठरवायचा. पाच फेऱ्यांनंतर तक्ता कसा दिसेल?

पाचही सामने जिंकण्याची शक्यता ३२मध्ये एक. चार किंवा पाच जिंकण्याची शक्यता ३२मध्ये सहा. आठ संघ असल्यामुळे सरासरीने दीड संघ चार-पाच विजयांसह वर जाऊन बसतील आणि तितकेच संघ शून्य किंवा एका विजयासह तळाला जातील. तक्ता पाहणारा म्हणेल, ‘कराडची पोरं यंदा तयारीनं उतरलीत, वाईत काहीतरी बिनसलंय.’ प्रत्यक्षात कराड आणि वाई यांत तसूभर फरक नाही. नाणे तेवढे वेगवेगळे पडले.

आता कराडला खरोखर सरस करू. कुणाशीही खेळताना त्यांची जिंकण्याची शक्यता शंभरात ६०. ही आघाडी लहान नाही. तरीही पाच सामन्यांनंतर कराडच्या खात्यावर दोन किंवा त्याहून कमी विजय असण्याची शक्यता शंभरात ३२ आहे. म्हणजे चांगला संघसुद्धा साधारण तीनपैकी एका हंगामात पाच सामन्यांनंतर ‘खराब’ दिसतो. प्रत्येकाशी दोनदा खेळून १४ सामने झाले, की निम्म्याहून कमी विजय असण्याची शक्यता शंभरात १५वर येते. अमेरिकेतल्या एनबीएप्रमाणे ८२ सामने खेळवले, तर ती शंभरात जेमतेम अडीच उरते.

यामागचा नियम सोपा आहे. सामने वाढले की योगायोगाचा वाटा घटतो, पण सावकाश घटतो. अंदाजातली चूक निम्मी करायची तर सामने दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. पाचांच्या जागी वीस.

फलटणच्या तिरंदाजाचे तीन गुण

इथवरचे सगळे कागदावरचे. आता खऱ्या मैदानावर येऊ.

प्रवीण जाधव हा फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज. टोकियो ऑलिंपिकमध्ये २३ जुलै २०२१ रोजी पुरुषांची मानांकन फेरी झाली. या फेरीत प्रत्येकाने ७० मीटरवरून ७२ बाण मारायचे. पैकीच्या पैकी गुण ७२०. मग गुणांनुसार क्रम लागतो आणि त्या क्रमाने बाद फेरीचे सामने ठरतात. ६४ स्पर्धकांत प्रवीण ६५६ गुणांसह ३१वा आला. अतनू दास ६५३ गुणांसह ३५वा आणि तरुणदीप राय ६५२ गुणांसह ३७वा.

या क्रमावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. मिश्र सांघिक स्पर्धेत दीपिका कुमारीबरोबर कोण उतरणार? महिनाभर आधीच पॅरिसच्या विश्वचषक स्पर्धेत दीपिका आणि अतनू या पती-पत्नीच्या जोडीने सुवर्णपदक मिळवले होते. पण टोकियोत भारतीय पुरुषांत पहिला आला प्रवीण, आणि जोडीत स्थान मिळाले तेही प्रवीणलाच. दीपिका आणि प्रवीणने चिनी तैपेईला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून हार पत्करली. ती कोरियन जोडी पुढे सुवर्णपदक घेऊन गेली.

७२ बाणांत तीन गुणांचा फरक. एका बाणामागे प्रवीणचे सरासरी ९.११ गुण, अतनूचे ९.०७. एका बाणाचे गुण सरासरीपासून साधारण एका गुणाने इकडेतिकडे होतात असे धरले, तर ७२ बाणांच्या बेरजेत साडेआठ गुणांचा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. आणि दोघांच्या बेरजेतला फरक असाच साधारण १२ गुणांनी हलू शकतो. त्यापुढे तीन गुण म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तीच फेरी पुन्हा झाली असती, तर क्रम सहज उलटा लागला असता.

पुढचे सामने पाहा. बाद फेरीत प्रवीणसमोर रशियाचा बझारझापोव्ह आला. जागतिक क्रमवारीत तो दुसरा होता, पण टोकियोच्या मानांकन फेरीत ३४वा. प्रवीणने त्याला ६–० असे हरवले. लगेच पुढच्या सामन्यात जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ब्रॅडी एलिसनकडून तो ०–६ असा हरला. दुसऱ्या दिवशी ३५व्या क्रमांकाच्या अतनूने मानांकन फेरीत तिसऱ्या आलेल्या, २०१२चे ऑलिंपिक सुवर्णपदक नावावर असलेल्या ओ जिन-ह्येकला निर्णायक एका बाणावर हरवले. दोघांत सरस कोण, हे त्या तीन गुणांनी ठरत नव्हते. आणि या सामन्यांनीही ठरले नाही.

मग जोडी निवडताना चूक झाली का? असे मी म्हणणार नाही. दोघांपैकी एकालाच घ्यायचे असते तेव्हा कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि सगळ्यांनी एकाच वाऱ्यात मारलेल्या बाणांचा हिशेब उघड असतो. नियम न्याय्य असणे ही एक गोष्ट आणि नियमाने खरी ताकद मोजली असणे ही दुसरी. गुणतक्ता वाचताना आपला घोटाळा होतो तो इथेच. तक्ता कोण पुढे आहे ते बिनचूक सांगतो. कोण सरस आहे ते तो फक्त सुचवतो.

सांगलीच्या पटावर दोन काल्पनिक डाव

मग थोड्या निकालांवरून अंदाज बांधायचाच नाही का? बांधायचा, पण कसा, ते बुद्धिबळाकडून शिकावे. त्यासाठी सांगलीहून दूर जायला नको. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या गावात स्पर्धांची मोठी परंपरा उभी राहिली. आज अशा स्पर्धांत बसणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच ध्यास असतो: फिडेचे मानांकन.

ही मानांकनाची पद्धत अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची. फिडे या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती १९७०मध्ये स्वीकारली. तिचे सूत्र असे: डावाआधी दोघांच्या मानांकनावरून अपेक्षित गुण काढायचे, प्रत्यक्ष गुणांतून ते वजा करायचे आणि उरलेल्या फरकाला एका ठरावीक आकड्याने गुणायचे. नव्या खेळाडूसाठी हा आकडा पहिले ३० डाव होईपर्यंत ४०. पुढे साधारणपणे २०. एकदा २४०० मानांकन गाठले की १०. म्हणजे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले, तर नवख्याला २० गुण मिळतात आणि मुरलेल्याला फक्त पाच.

नवख्याबद्दल आपल्याला फारसे ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक निकालानंतर आपले मत मोकळेपणाने बदलायचे. ज्याचे शेकडो डाव पाहिले, त्याच्या एका पराभवाने मत फारसे हलू द्यायचे नाही.

पण अगदी पहिले मानांकन द्यायचे कसे? त्यासाठी मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. कुणी पाचही जिंकले तर? शंभर टक्के गुणांवरून ताकद मोजताच येत नाही. ती कितीही असू शकते. मार्च २०२४पासून फिडेने यावर एक तोड काढली आहे. खेळाडूच्या खऱ्या डावांत दोन काल्पनिक डाव मिळवायचे. प्रतिस्पर्धी १८०० मानांकनाचे आणि दोन्ही डाव बरोबरीत सुटले असे मानायचे. पाचांपैकी पाच गुणांचे मग सातांपैकी सहा होतात. कौतुक शिल्लक राहते, अतिरेक तेवढा कापला जातो. डाव वाढत गेले की या दोन काल्पनिक डावांचे वजन आपोआप नगण्य होते.

आपल्या तालुक्यांच्या लीगला हीच युक्ती लावू. प्रत्येक संघाच्या खात्यावर दहा काल्पनिक सामने टाकायचे: पाच जिंकलेले, पाच हरलेले. पाचांपैकी चार जिंकलेल्या संघाचा कच्चा हिशेब ८० टक्के. आता तो पंधरांपैकी नऊ, म्हणजे ६० टक्के. चार हरलेला संघ २० टक्क्यांवरून ४०वर येतो. क्रम तोच राहिला, पण दरी आटोक्यात आली. पुढे १४ सामन्यांत ११ विजय झाले, तर २४पैकी १६, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. संघाने आपला दावा कमावला. काल्पनिक सामने किती घ्यायचे, ते खेळावर ठरते: ज्या खेळात योगायोगाला वाव जास्त, तिथे जास्त.

शिवाय काल्पनिक सामने नेहमी निम्मे-निम्मेच धरावेत असेही नाही. आधीची माहिती असेल तर ती वापरावी. २०१०मध्ये मायामीच्या बास्केटबॉल संघात ड्वेन वेडच्या जोडीला लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश आले. पहिल्या १७ सामन्यांत फक्त नऊ विजय मिळाल्यावर भरपूर टीका झाली. संघाने हंगाम संपवला तो ५८ विजय आणि २४ पराभवांवर, आणि अंतिम फेरीही गाठली. खेळाडूंची आधीची कामगिरी सर्वांना ठाऊक होती. १७ सामन्यांच्या गलक्यात ती विसरली गेली, इतकेच.

तक्त्यात न दिसणारे

गुणतक्ता आणखी दोन गोष्टी लपवतो. कितीने जिंकले आणि कुणाला हरवले? समजा, मिरजेने चार सामने दोन, एक, तीन आणि दोन गुणांनी जिंकले आणि एक २४ गुणांनी हरला. तक्त्यात चार विजय. गुणांची बेरीज मात्र उणे सोळा. बास्केटबॉलमध्ये एका बास्केटचे दोन किंवा तीन गुण असतात. म्हणजे चारही विजय एकेका बास्केटवर लोंबकळत होते. अशा संघाची घसरण झाली तर नवल वाटू नये. तसेच पहिल्या पाच फेऱ्यांत कुणाच्या वाट्याला तळाचे संघ येतात, कुणाच्या वाट्याला वरचे. पूर्ण साखळी होईपर्यंत ही तूट भरून निघत नाही.

आता माझी चूक. मी सातारा जिल्ह्यात गणित शिकवले. शाळेच्या बास्केटबॉल संघाचे आकडे टिपायचे काम हौसेने माझ्याकडे घेतले होते. एका वर्षी दोन सराव सामन्यांत एका मुलीने नऊ वेळा बास्केटवर नेम धरला आणि दोनदाच साधला. मी वही उघडून क्रीडाशिक्षकांना दाखवली: ‘नऊपैकी दोन, सर.’ आकड्यांपुढे ते काही बोलले नाहीत. ती संघाबाहेर गेली.

पुष्कळ वर्षांनी मी तो हिशेब पुन्हा मांडला. शंभरात चाळीस नेम साधणारी, म्हणजे शालेय पातळीवर चांगलीच, खेळाडूसुद्धा नऊपैकी दोन किंवा त्याहून कमी वेळा नेम साधण्याची शक्यता शंभरात २३ असते. जवळजवळ चारांत एक. वर्षभर सकाळी तिला सराव करताना क्रीडाशिक्षक पाहत होते. ते वर्ष म्हणजे शेकडो नेमांची नोंद होती, फक्त वहीत नव्हती. मी नऊ आकडे घेऊन तिच्यावर मात केली.

गणित चुकले नव्हते. किती आकड्यांवर किती बोलावे, एवढेच मला तेव्हा कळत नव्हते. नंतर वही ठेवणाऱ्या मुलांना मी एक सवय लावली: प्रत्येक टक्केवारीशेजारी ती किती प्रयत्नांवरून काढली, तो आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायचा.