ग्रिम्झेलची पांथशाळा : रोमँटिक मुद्राचित्रातील आसऱ्याचे स्थान

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्सच्या मुद्राचित्रांना प्रवाशांकडून मोठी मागणी येऊ लागली. बर्नमधील चित्रकार योहान लुडविग आबर्ली (१७२३–८६) याने कोरलेल्या बाह्यरेषांत हाताने जलरंग भरण्याची पद्धत रूढ केली आणि निसर्गचित्र प्रवाशाच्या सामानातून घरोघरी पोहोचले. या परंपरेत पुढे वारंवार चितारले गेलेले एक स्थळ म्हणजे स्वित्झर्लंडमधील ग्रिम्झेल घाटातील सरोवराकाठची पांथशाळा. तिचा पहिला उल्लेख ११४२ सालचा आहे.

वर उघडे खडक, खाली काळसर पाणी आणि काठावर इवलीशी इमारत, अशी या चित्रांची सर्वसाधारण रचना होय. इमारतीचे लहानपण केवळ पर्वताचे प्रमाण दाखवण्यापुरते नसते. भय सुरक्षित अंतरावरून अनुभवले तरच ते आनंददायी ठरते, असे एडमंड बर्क याने १७५७ साली प्रतिपादले होते. चित्रातील पांथशाळा हेच ते अंतर होय. तिच्या छपरामुळे कड्यांचे रौद्र रूप उदात्त भासते. ते छप्पर पुसले, तर नुसती भीती उरते.

प्रत्यक्षात मात्र या आसऱ्याचा शेवट पर्वताकडून झाला नाही. १८५२ साली खुद्द चालकानेच लावलेल्या आगीत पांथशाळा जळाली. पुढे पुन्हा उभारलेली वास्तू १९३२ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयाखाली गेली. चित्रकारांनी संकट निसर्गात पाहिले. इतिहासात ते माणसाकडूनही आले. रोमँटिक निसर्गचित्रणाचा, मग ते रेषांतील असो वा शब्दांतील, विचार करताना ही विसंगती दृष्टीआड करून चालणार नाही.